देवाच्या पाठीला चिंच

माझं कापडाचं दुकान जुन्या जालन्यात आहे, पण फोनवर लोक मला कापड विचारत नाहीत, नाणी विचारतात. ऑनलाइन विकायला आलेल्या, हिरवं कीट चढलेल्या नाण्यांचे फोटो येतात, आणि कापड फाडता फाडता मी सांगतो, कोणतं सातवाहनांचं आणि कोणता नुसताच तांब्याचा तुकडा. विकणाऱ्यांना प्रत्येक टेंगळात सातवाहनांचा हत्ती दिसतो. मी आधी कड बघतो, मग धातू, मग ठसा. या कामात माझा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

अंबडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या देवघरात असंच एक जुनं नाणं होतं, देव म्हणून पुजलेलं, त्यामुळे मलाही कधी हातात घेऊ न दिलेलं. तिच्या सासरी मुलीला हळद लागताना ते तिच्या पदराच्या गाठीत बांधतात. बहीण दर दिवाळीला ते चिंच-राखेनं घासायची आणि मी दर भाऊबीजेला तिला झापायचो, की बाई, मातीनं इतकी वर्षं सांभाळलेला ठसा तू एका सणात पुसतेस. ती ताटात लाडू वाढायची आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा घासायची.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. घराला रंग द्यायचा म्हणून दाजींनी फुटकी पितळी भांडी भंगारवाल्याला दिली आणि त्यांतच नाण्याची डबीही गेली. बहीण फोनवर रडत होती.

"दादा, देव गेला रे. पोरीच्या गाठीत काय बांधू मी?"

दाजींचा मला असा राग आला, की त्यांच्याशी बोललोच नाही. तिला मात्र म्हटलं, रडू नको. हल्ली भंगारातलं जुनं नाणं भट्टीत जात नाही, ते फोनवर येतं.

आणि आलं. हळदीच्या आधीच एका विक्रेत्याची जाहिरात दिसली: मूठभर नाणी, अतिप्राचीन, हत्ती छाप. सगळी मेथीच्या मुटक्यांसारखी एकसारखी. मी त्याच्याकडून सकाळच्या तिरप्या उन्हातले, दोन्ही बाजूंचे फोटो मागवले. त्यानं कुरकुरत पाठवले. बहिणीला दाखवले तर तिला एकही ओळखता येईना. म्हणाली, मी ते कधी नीट पाहिलंच नाही, घासताना अंगठ्यालाच कळायचं.

मग मीच फोटो मोठे करून बसलो. एका नाण्याची एक बाजू हिरवी नव्हतीच. तांबूस, गुळगुळीत, मधोमध झिजून खोलगट झालेली. दुसऱ्या बाजूवर काळपट लाल, जाड थर होता. विक्रेत्यानं खाली लिहिलं होतं, 'दुर्मिळ लाल थर'. मी बहिणीला विचारलं, तू घासायचीस ती एकच बाजू का?

"मंग? पाठ घासायची. देवाच्या तोंडाला कोणी राख लावतं का? तिथं कुंकू न् तेल, बस."

मला हसू आवरेना. इतकी वर्षं ज्या घासण्यावरून मी तिला बोललो, त्याच घासण्यानं नाणं ओळखू आलं होतं. विक्रेता निघाला पलीकडच्या गल्लीतलाच. तो म्हणाला, साहेब, हे नका घेऊ, याच्यावर थर सोडून काहीच नाही, हत्तीवालं घ्या. मी म्हटलं, तुझा हत्ती तुझ्याकडंच राहू दे.

कुंकवाचा थर खरवडला असता तर खाली काय आहे ते कळलं असतं. हात शिवशिवत होते, पण मी नख लावलं नाही.

हळदीच्या दिवशी अंबडला बहिणीच्या तळव्यावर नाणं ठेवलं. तिनं पाहिलंसुद्धा नाही. उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि रडायला लागली. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

गाठ बांधून घेताना भाचीनं विचारलं, "मामा, कोणत्या राजाचं हाय हे?"

या प्रश्नाला मी आयुष्यात कधी अडलो नव्हतो.

"राजाला तुझ्या आईनं घासून टाकलंय," मी म्हणालो. "आता हे तिचंच."

भाचीनं आईकडं पाहिलं आणि गाठ मुठीत घट्ट धरली.