दोन बोटं खाली

आमच्या भागात लोक गॅरेजमध्ये जातात ते गाडी उंच करून घ्यायला. गावोगावची माणसं भरून नेणारी वडापची जीप असो की उसाचा ट्रक, मागच्या स्प्रिंगला एखादा पाटा जादा टाकला की गाडी चार पोती आणि दोन माणसं जास्त ओढते. त्यामुळे नगरच्या एमआयडीसीजवळच्या मिस्त्रींना मी म्हणालो, "गाडी दोन बोटं खाली घ्यायची आहे," तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब, हिच्याखालून आत्ताच मांजर वाकून जातंय. अजून खाली?"

गाडी वीसेक वर्षांपूर्वीची, दोन दारांची स्पोर्ट्स कार. तिला कंटाळलेल्या एका पुणेकराकडून घेतलेली. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधली मोकळी जागा मला सलायची. मी आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप मागवले होते. इंजिनिअर आहे, कारखान्यात तपासणी विभागात काम करतो, मापं काढायची सवय आहे. किती खाली यायला हवी, हे मी वहीत मिलिमीटरमध्ये लिहून आणलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बरोबर होते. त्यांनी पाथर्डी–नगर वडापची जीप चालवली, आयुष्यभर. आमच्या घरातली पहिली पदवी त्या जीपच्या फेऱ्यांमधून आली आहे, हे मी कुणालाही सांगतो आणि ते प्रत्येक वेळी विषय बदलतात. गुडघा दाखवायला ते माझ्याकडे आले होते आणि त्या दिवशी गावी परत निघाले होते. त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडायचं, एवढीच माझी इच्छा होती. ते मात्र एकदाही तिच्यात बसले नव्हते.

"गुडगा वाकत न्हाई," ते सकाळीच म्हणाले होते, "अन् तुज्या गाडीत बसायचं म्हंजी हिरीत उतरायचं. मी आपला यष्टीनं जातो. दुपारची गाडी हाय."

अशा माणसाला बसवायच्या दिवशीच मी गाडी आणखी खाली करायला निघालो होतो. यात काही चुकतंय, असं मला तेव्हा वाटलं नाही.

मिस्त्रींनी गाडी स्टँडवर घेतली, चाकं काढली, जुन्या स्प्रिंगा काढून नव्या बसवल्या, सगळे बोल्ट दणकून आवळले. गाडी जमिनीवर आली. मी टेप लावला. गाडी जवळपास होती तेवढीच उंच.

"स्प्रिंगा चुकीच्या आल्या," मी म्हणालो.

"चालली की बसंल," मिस्त्री म्हणाले. पण त्यांचाही चेहरा पडला होता.

मी वही उघडली. स्प्रिंगचा आकडा, वजन, सगळं पुन्हा मांडलं. उत्तर तेच. मग बाकावर बशीत चहा ओतत बसलेले अण्णा बोलले.

"मिस्त्री, बोल्ट हवेत आवळलं का?"

"म्हणजे?"

"चाकं लोंबत हुती तवा आवळलं. आतलं रबर तितंच पकडलं गेलं. आता गाडी खाली बसाया बघती, रबर पीळ खातंय, तिला बसू देत न्हाई. ढिलं करा, चाकावर उभी करा, मग आवळा. जीपचं पाटं आमी आसंच बसवायचो."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली. हे मला कॉलेजात चार वर्षं शिकवलं होतं, फक्त पाना हातात न देता.

गाडी चाकांवरच, खालून काम करायच्या खड्ड्यावर उभी केली. मिस्त्री खाली उतरले, बोल्ट सैल केले. मग उत्साहात ओरडले, "बसवा माणसं! चहावाल्याला बोलवा, पलीकडच्या वेल्डरला बोलवा!"

"आरं, वरात काढायची का?" अण्णा म्हणाले. "भरून आवळली तर रिकामी नीट चालायची न्हाई. रोज जेवडं वजन, तेवडंच पायजे. हिच्यात बसतं कोन?"

"मी," मी म्हणालो. "आणि शेजारी..." माझी नजर अण्णांकडे गेली.

खड्ड्यातून आवाज आला, "काका, बसा की मग! नियम तुमचाच हाय."

अण्णांनी दार पूर्ण उघडलं. मग पाठ करून टेकले, दोन्ही हातांनी दुखरा पाय उचलून आत घेतला आणि धपकन बसले. मी दुसऱ्या बाजूनं बसलो. मिस्त्री खालून एकेक बोल्ट आवळत होते आणि आम्ही बापलेक शेजारी शेजारी, न हलता, फोटो काढायला बसल्यासारखे.

"हितं पाय लांब व्हतोय रं," अण्णा हळूच म्हणाले. मग सीट मागं सरकवून त्यांनी पाय पूर्ण पसरला. "यष्टीत म्होरल्या सीटला गुडगा हानतो."

मी समोरच्या काचेतून बघत राहिलो. बोललो असतो तर ते उतरले असते.

"झालं!" मिस्त्री वर आले. "उतरा काका, माप घेऊ."

"तसंच घ्या," अण्णा म्हणाले. "येकदा बसलोय. माजी पिशवी तेवडी मागं टाका."

मिस्त्रींनी टेप लावला. दोन बोटं, अगदी बरोबर. मी गाडी सुरू केली. गेटबाहेरचा गतिरोधक दिसताच अण्णांनी हात पुढे केला.

"तिरपी घाल. येक येक चाक चढव. घाई करू नको, पॅसेंजर हाय आत."