ताडपत्रीखालचं तिसरं पॅनल

“कोनाले सांगू नोको, बरं!” हे काका इतक्या मोठ्यानं सांगायचे, की शेजारच्या चहावाल्यालाही कळायचं, काहीतरी लपवायचं आहे.

माझं रिसोडला वायरिंगचं दुकान. काका जवळच्या गावचे माळी. मळ्यातली भाजी जुन्या टेम्पोत भरून बाजार-बाजार फिरायचे. गाडीत निम्म्यात भाजी, निम्म्यात खाट, स्टोव्ह आणि काकू. काकूंना एकदा जबर ऊन लागलं होतं. तेव्हापासून गरमीत त्यांचा जीव कोंडायचा, म्हणून काका त्यांना घरी एकटं ठेवत नसत. टपावर सोलर पॅनल, खाली बॅटरी आणि पंखा, हा सगळा खटाटोप त्यासाठीच.

पॅनल तीन, तिन्ही तीन तऱ्हेची. दोन भंगारातली. तिसरं लहानसं, कोपरा तडकलेलं. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावतात, तिचं. कुठून आणलं विचारलं, तर काका दुपट्ट्यानं तोंड पुसत बसले. काकूच बोलल्या, “पोरीनं देल्लं. तिच्या सासऱ्यानं नवं घेतलं, हे पडूनच होतं.”

लेकीच्या सासरचं पाणीही न पिणारा हा माणूस. रिठदला तिच्याकडे जाताना घरून पाण्याची कॅन नेणारा! “कोनाले सांगू नोको,” ते पुटपुटले. हे मात्र हळू.

मी आधी तिन्ही पॅनल एकामागे एक जोडली. पंखा रडत फिरला; लहानानं मोठ्यांनाही आपल्याच चालीनं चालवलं. मग पॅरलल जोडली, ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीप्रमाणं द्यावं. पंखा गरगरला. काकू म्हणाल्या, “हवा आली माय!”

पण रिठदचा बाजार झाला की काका तक्रार घेऊन हजर. “बॅटरी उतरली. तुही जोडनीच खोटी!” गिऱ्हाइकांसमोर माझी अब्रू जायची. वायरा बदलल्या, बॅटरीच्या चार्जिंगचा कंट्रोलर बदलला. शेवटी त्यांच्याच टेम्पोत बसून निघालो. रिठदची शीव आली तशी काकांनी गाडी थांबवली, टपावर चढले आणि तिन्ही पॅनलवर ताडपत्री ओढली.

जुन्या बॅटरीनं दुपारपर्यंतही दम धरला नाही. काकू ओला पदर तोंडावर घेऊन पडल्या. “काकू, तुम्ही तरी बोला ना त्यांना.”

“राहू दे भाऊ. लेकीचं सासर हाये.”

तेवढ्यात लेक आली, मागे तिचे सासरे. तिनं आईचा चेहरा पाहिला आणि टपावर चढून ताडपत्री ओढून काढली.

“अरे, हे त आमचंच!” व्याही हसून म्हणाले. “कामी आलं, चांगलं झालं. झाकून कायले ठेवता?”

मनापासून बोलले हो! तेच काकांना सोसलं नाही. त्यांनी माझ्यापुढे हात केला. “पाना दे.”

मी दिला. त्यांनी पॅनल उतरवून व्याह्यांच्या पायाशी ठेवलं. लेक माझ्याकडे बघत होती. नाही म्हणता आलं असतं मला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन पॅनलवर पंखा कसाबसा हलायचा. पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्या.

परवा काका दुकानी आले. बगलेत तेच तडकलेलं पॅनल. “लेकीकून मांगून आनलं. जोडून दे.”

मी जोडलं. रिकाम्या खाटेवर पंखा जोरात फिरायला लागला. ‘कोनाले सांगू नोको’ म्हणतील म्हणून मी थांबलो, पण ते गाडीत जाऊन बसले.

“काका, ताडपत्री राहिली!”

“राहू दे तुयापाशी. आता काय झाकू?”

टेम्पो रिठदच्या रस्त्याला लागला. तिन्ही पॅनल उन्हात उघडी होती.