कानाला तुरटी

हसायचं तर हसा बायांनो, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. भर मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, मी माझ्या कानांना तुरटी फिरवल्याचं सांगून बसले आहे! कसं, ते ऐका. तुम्हाला येतं ना ऐकू?

मी वाळूजला एका कंपनीत प्रेसवर कामाला. पत्रा ठोकून आकार देणारं ते मशीन. धाड! धाड! दिवसभर दणका. शेजारच्या मशीनवरची मंगल कानाशी येऊन ओरडायची, तेव्हा कुठं तिचा विनोद पोचायचा.

एकदा कानात घालायला पिवळे प्लग मिळाले होते. ते कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही. घातले, तर मंगलही ऐकू येईना! मग काय, घरी नेले. मोरीतल्या नळाची टपटप रात्रभर झोपू देत नव्हती. एक प्लग त्याच्या तोंडात खुपसला. काय घट्ट बसला म्हणता!

पुढं पुढं घरातही माणसांचे नुसते ओठ हलताना दिसायला लागले. कुणाला बोलले नाही. बहिऱ्या बाईला कोण ठेवणार? ठेकेदार म्हणेल, बसा घरी. आणि घर तर माझ्याच हातांवर चालतं. म्हणून ओठ वाचायचे, मान हलवायची, लोक हसले की आपणही हसायचं. इतकं छान जमलं होतं!

आणि सेफ्टीच्या नव्या मॅडम आल्या. तोंडाला मास्क लावून! आता ओठ कुठून वाचू?

मीटिंगमध्ये त्या माइकवरून एकेकीला विचारत माझ्यापर्यंत आल्या. मला ऐकू आलं, "पाण्याची काही तक्रार?"

वा! मनातलं विचारलं बाईनं. कंपनीतल्या दोन्ही नळांनी जीव नकोसा केला होता. उठलेच मी.

"व्हय मॅडम, लई आहे! वर्ष झालं. सकाळी जरा बरं असतं, दुपारनंतर बंदच."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं! कधी गढूळ येतं, कधी पिवळं. वास मारतं नुसतं."

मॅडमचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, चला, कुणाला तरी आपली काळजी आहे.

"काही उपाय केला का?"

"तुरटी फिरवली. फडकं बांधलं. पण आतून पाइपच गंजलाय ना! परवा तर झुरळ निघालं!"

हॉलभर हशा. सवयीनं मीही हसले. मंगलनं माझा पदर ओढला, तोंड माझ्याकडं करून म्हणाली, "सुमे, कान! कानाचं विचारतायत, कान!"

हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. मास्क खाली करून माझ्यासमोर बसल्या. "मावशी, कधीपासून ओठ वाचताय?"

मी हात जोडले. "कामावरून काढू नका, मॅडम."

"कशाला काढतील? हा आजार तुम्हाला कामानंच दिलाय. प्लग देऊन भागत नाही, ते का घालायचे हे समजवायचं असतं. दरवर्षी कान तपासायचे असतात. तो तुमचा हक्कच आहे. तपासले कधी?"

कधीच नाही. आणि मी आजवर समजत होते, चूक माझ्याच कानांची.

मग शहरात तपासणीला नेलं. मंगल सोबत होती. काचेची छोटी खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा," तिथली पोरगी सावकाश म्हणाली. बटण दाबण्यात आपल्याला कोण हरवणार? जन्म गेला त्यात! अंगठा तयार ठेवून बसले.

बसले. बसूनच राहिले. काचेपलीकडं पोरगी काहीतरी फिरवत होती. मला वाटलं, मशीन बिघडलं असेल, नाहीतर लाइट गेली असेल. मंगलला खुणेनं सांगितलं, अजून सुरू नाही झालं. तिनं तोंड फिरवलं.

पोरीनं दार उघडून हेडफोन काढले. "झालं, मावशी."

"अगं, पण सुरू कधी झालं?"

गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. मॅडमनी नेट लावला, नोकरी राहिली. मी आता पॅकिंगला बसते. माझ्या त्या भाषणानं कंपनीत नवा पाइपसुद्धा बसला. मंगल म्हणते, नळ सोडला की काय खळखळ येतं पाणी! येत असेल.

आमच्या मोरीतला नळ मात्र प्लग बसवल्यापासून एकदाही टपटपला नाही. निदान मला तरी ऐकू आलेला नाही.