समासातले जर्दाळू

तैसिया मकारोव्नानं वाचनालयात खिडकीजवळ एक फळी रिकामी केली, सात पुस्तकं मांडली आणि वर पाटी लावली : ‘गुप्त जैविक शस्त्रं – आवर्जून वाचावं असं काही.’ सगळी खरीखुरी माहितीची पुस्तकं, कादंबरी एकही नाही.

आमच्या गावात अशी पाटी लावायला धारिष्ट लागतं. सगळं गाव तारेच्या कुंपणामागच्या कारखान्यात कामाला होतं आणि बाहेर सांगायचं, इथे गुरांच्या खाद्याचं यीस्ट बनतं. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, कुंपणाची तार लोकांनी काकड्यांच्या मांडवाला वापरली, परदेशात त्याच्यावर जाडजूड पुस्तकं निघाली. पण म्हाताऱ्यांनी तरुणपणी ‘बोलणार नाही’ म्हणून कागदावर सही केली होती, ती ते अजून पाळत. बायकोनं विचारलं तरी उत्तर एकच, यीस्ट.

तैसियाचा नवरा एफिमही यीस्ट यीस्ट करतच गेला. तिला ना साथींचं पडलं होतं ना शस्त्रांचं. तिला हवं होतं जर्दाळूंचं उत्तर. चार वर्षं, दर शनिवारी, तिनं सरबतासाठी ठेवलेल्या सुक्या जर्दाळूंतले मूठभर एफिम कागदात बांधून कोटाच्या खिशात घालायचा. यीस्टला जर्दाळू लागत नाहीत, एवढं स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळतं. खाणारीही तिनं मनाशी ठरवून टाकली होती : त्यांच्याच इमारतीतली, तिसऱ्या मजल्यावरची नोन्ना प्लातोनोव्ना. एफिमच्याच विभागात, गालाला खळ्या. तेव्हापासून आजतागायत तैसिया तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

विचारून काही मिळणार नव्हतं. पण एकदा निवृत्त विभागप्रमुख वालेरियान इग्नात्येविच यांनी एक पुस्तक परत केलं, तेव्हा समासात बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं : ‘चूक. खिडक्या उत्तरेला होत्या.’ तैसियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. न बोलण्याची सही केलेल्या माणसालाही दुसऱ्याची चूक पचत नाही.

म्हणून तर तिनं फळीवर सगळ्यांत जास्त चुकांची पुस्तकं निवडली होती. प्रत्येकाला शिफारशीची चिठ्ठी जोडली : ‘रोगांची माहिती उत्तम, कँटीनची शंकास्पद.’ शेजारी दोरीला शिसपेन्सिल बांधली आणि तिच्या वर सूचना लावली, ‘समासात लिहू नये.’

पंधरवड्यात समास भरले. वालेरियान इग्नात्येविच स्वतःच तक्रार घेऊन आले.

“तैसिया मकारोव्ना, कोणीतरी पुस्तकांत लिहितंय. शोभत नाही हे.”

“हो ना. आणि तेही खोटंनाटं. पान नव्वदवर म्हणे, तुमच्या कँटीनचं सूप पातळ असायचं.”

“पातळ?” त्यांनी चष्मा लावला, पुस्तक ओढलं आणि पेन्सिलीकडे हात नेला.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ती सगळं खोडरबरानं पुसून टाकायची, म्हणजे लिहायला पुन्हा जागा. तीन महिने झाले, तरी जर्दाळूंचा पत्ता नाही. मग तिनंच डाव्या हातानं, वेडंवाकडं, प्राण्यांवरच्या प्रकरणात लिहिलं : ‘इथला भांडारपाल एफिम कामचुकार होता. शनिवारी यायचाच नाही.’

गुरुवारी खाली उत्तर होतं. अक्षर उभं, नेटकं. जिन्याच्या दारावरच्या ‘दार आपटू नये’ या सूचनेचं अक्षर तैसिया रोज बघायची. हे तेच, नोन्नाचं.

‘साफ खोटं. एफिम सावेल्यिच शनिवारीही यायचे. सतरा नंबरची माकडीण त्यांनी कागदावर मेलेली दाखवली आणि बॉयलरच्या खोलीत चार वर्षं सांभाळली. ती जर्दाळूंशिवाय कशाला तोंड लावत नसे. विभागात सगळ्यांना ठाऊक होतं.’

तैसियानं ते तीनदा वाचलं. मग चहा केला, तो प्यायची विसरली, आणि त्या ओळींखाली एवढंच लिहिलं : ‘नाव काय होतं तिचं?’

आठवडाभर काही नाही. तेवढ्या दिवसांत तिनं रोज दहा वेळा पुस्तक उघडून पाहिलं आणि एका वाचकाला तर ते नेऊच दिलं नाही, पानं सुटलीत म्हणून सांगितलं. शेवटच्या शुक्रवारी सकाळी उत्तर आलेलं होतं.

‘तैसिया. रागावली की भांडी आपटायची.’

तैसिया आधी संतापली. मग खोकल्यासारखं काहीतरी झालं, ते हसू निघालं, आणि डोळे पुसायला रुमाल शोधावा लागला. त्या दिवशी तिनं साही पुस्तकांचे समास स्वच्छ पुसले. सातवं पिशवीत घातलं आणि नोंदवहीत लिहिलं, ‘गहाळ.’ एफिमनंही असंच, ठाम हातानं लिहिलं असणार.

घरी परतताना जिन्याच्या दारापाशी ती थांबली. खिशातून पेन्सिल काढून नोन्नाच्या सूचनेखाली तिनं लिहिलं, ‘रविवारी चहाला ये. जर्दाळू आहेत.’

मग आत शिरून तिनं दार असं आपटलं, की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जावं.