कानबाईची आण

कापसाच्या जिनिंगच्या गेटवर खुर्ची मांडलेली. खुर्चीवर नारळ, नारळाला नथ, हळदकुंकू. शेजारी शेठचा मुलगा. एकेका बाईने नारळावर हात ठेवायचा, कानबाईची आण घ्यायची, मगच कामाला आत जायचं. आण काय, तर मत शेठ सांगतील त्याच निशाणीला देईन आणि मोहल्ल्यातल्या बायांशी उठबस ठेवणार नाही.

माझी पाळी आली. मी पदर सावरत उभी राहिले. त्याने माझं मनगट धरलं आणि बाजारात जनावर ओढतात तसा हात ओढून नारळावर दाबला.

"बोल लवकर. तुम्हा बायांना मतातलं काय कळतं? देवीला तरी घाबरा."

मागच्या बाया हसल्या. भीतीने हसल्या असतील, पण हसल्या. आणि मी बोलले. शब्द न शब्द बोलले. मोहल्ल्यातली माझी मैत्रीण रशीदा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिकडच्या सगळ्या बायांना त्याने बाजूला काढलं होतं, सगळ्यांच्या शेवटी आत सोडायला. तिने सगळं ऐकलं.

धरणगावच्या या जिनिंगमध्ये आम्ही दोघी कितीतरी हंगाम शेजारी बसून कापसातला कचरा वेचला. माझी कळण्याची भाकरी ती खायची, तिच्या डब्यातलं मी. त्या दुपारी तिने डबा उचलला आणि लांब भिंतीपाशी जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझ्याच तोंडाची किळस आली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढं काय त्यात. आमच्या खानदेशात कानबाई घरातलीच. श्रावणात ती येते, तिच्या नैवेद्याचे रोट होतात, रुसलेले भाऊबंदसुद्धा एका चुलीचं जेवतात. तिच्या नावाची आण मोडायची म्हणजे लेकराबाळांच्या जिवाला घोर. शेठच्या पोराला हे पक्कं ठाऊक होतं. त्याला काठी उचलावीच लागली नाही.

संध्याकाळी सुटले तर समोरच्या टपरीपाशी लाल बावट्याची सभा चालू. सभा कसली, पाच-सात माणसं, एक झेंडा आणि खरखरणारा भोंगा. एरवी मी त्यांची टिंगलच करायची. बोलत होते आबा, सूतगिरणीतले जुने कामगार. ते म्हणत होते, आधी शेजारीण तोडतात, मग मत काढून घेतात, मग मजुरी मागायला तोंडच उरत नाही. हुकूमशाही अशीच येते, आपल्या गेटवरून.

सभा संपेपर्यंत मी थांबले. मग विचारलं, आण मोडली तर देवी कोपेल का. हे देव न मानणारे, मला हसतील असं वाटलं होतं. आबा हसले नाहीत.

"माय, कानबाई तुना घरनी शे. शेठना गेटवर ती कशी येई?"

मतदान होईपर्यंत आण रोज घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग, पुन्हा खुर्ची. तो मनगट धरायला पुढे आला. मी दोन्ही हात मागे घेतले.

"मी हात ठेवस नही. मत मनं शे. ते मी कोनलेच सांगस नही."

आवाज फाटला. त्याने मला बाहेर काढलं. गावातली एकही जिनिंग तुला घेणार नाही म्हणाला, आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. रशीदाने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि शेवटी पाळी आल्यावर आत गेली. तिलाही घर चालवायचं होतं. तिने मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही.

मतदान अजून व्हायचंय. मी आता लाल बावट्याची सभासद आहे. रोज सकाळी त्याच गेटसमोर उभी राहते आणि आत जाणाऱ्या एकेका बाईला सांगते, मत तुझं आहे, आणि रशीदाही आपलीच आहे. शेठचा मुलगा गाडीची काच खाली करून बघतो. बघू दे. लाज गेलेली नाही, ती जाऊही नये. एकदा त्याने सांगितलेलं बोलले. आता माझं बोलणार, आणि हे तोंड बंद करायला त्याला नारळ पुरणार नाही.