दारातच राहिलेला निरोप

माझी थोरली बहीण एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळते. तिथे तिला सगळे 'हेडबाई' म्हणतात, कारण चुका काढण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. मला तर ती चहाचा कप कुठे ठेवावा हेही शिकवते. म्हणूनच, तिच्या हातून हे घडलं हे मला अजून पचत नाही.

बाबांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ताईने रजा टाकली आणि त्यांचा आवाज साठवायला स्वतः एक प्रोग्राम लिहिला. कामावरच्या सवयीने तो कंटेनरमध्ये ठेवला. कंटेनर म्हणजे संगणकातली बंद खोलीच. आत काय चाललंय ते कन्सोलच्या काळ्या पडद्यावर दिसतं. पहिले दोन दिवस बाबांनी तिने दिलेले शब्द वाचले: पाणी, दार, उशी. वाचून झालं की ताई कन्सोलवर कंट्रोल-सी, म्हणजे थांबण्याचा सिग्नल, दाबायची आणि प्रोग्राम तेव्हाच सगळं फाइलमध्ये उतरवून बंद व्हायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी बाबा म्हणाले, "आज तू बाहेर बस. तुझ्यासाठी बोलायचंय. आणि ती पळणारी अक्षरं बंद कर बाई, मला काही सुचत नाही. मी घरी आल्यावरच ऐक हं."

तिने कन्सोल न जोडताच प्रोग्राम चालू केला. बाबा पाऊण तास आत होते. डोळे पुसत बाहेर आले, तेव्हा मी उगाच खिडकीबाहेर पाहत राहिलो.

ताईने थांबण्याचा सिग्नल दिला. कन्सोलवरून दिला तर तो आत चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामना पोचतो. बाहेरून दिला तर फक्त पहिल्या प्रोसेसला, म्हणजे आत सगळ्यांत आधी सुरू झालेल्याला. त्या जागी तिने आवाजाचा प्रोग्राम सुरू करून देणारी चार ओळींची स्क्रिप्ट बसवली होती, आणि सिग्नल पुढे त्या प्रोग्रामला द्यायची सोय त्यात केलीच नव्हती. याच चुकीसाठी तिने हाताखालच्या इंजिनिअरांना किती वेळा फैलावर घेतलंय! अशा वेळी दहा सेकंद वाट पाहिली जाते, मग आतलं सगळं जबरदस्तीने मारलं जातं. ते दहा सेकंद ताई पडद्याकडे बघत बसली होती.

"बरंच बोललेत बाबा," ती मला म्हणाली. "साठवायला वेळ लागतोय."

तिने काही उघडून पाहिलं नाही. शब्द दिला होता ना.

बाबा घरी आल्यावर बघते तर फाइलच नाही. नोंदीत शेवटी फक्त एकशे सदतीस हा आकडा. म्हणजे मारून बंद केलेलं. ताई जमिनीवरच बसली. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, माझ्यामुळे गेलं सगळं," ती म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने वही पुढे केली. "काय बोलला होतात? लिहून द्या ना."

बाबांनी पेन घेतलं. दोन शब्द लिहिले, खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. मग खाली लिहिलं, "लिहून नाही जमत गं. म्हणून तर बोललो होतो."