व्हाल्दिसेर्रांची दूधबहीण

एर्सिलियाच्या घराण्याकडे ना तलवार होती, ना पदवी. होतं ते दूध. टेकडीवरच्या गढीत व्हाल्दिसेर्रांकडे मूल जन्मलं, की खालच्या गावातून तिच्याच घरची कुणी लेकुरवाळी वर जायची. गढी लढून जिंकणाऱ्याचा मुलगा, पुढे कार्डिनल, म्हणजे बडा धर्मगुरू झालेला एक, अर्धे द्राक्षमळे पत्त्यांत उडवणारा दुसरा, सगळे याच घरचं दूध पिऊन वाढले. शेवटचा काउंट लोदोविको एर्सिलियाच्या आईच्या, नुन्झियाताच्या अंगावर प्यायला. एक बाजू त्याची, एक एर्सिलियाची.

पूर्वजांच्या थडग्यांचं चॅपल तेवढं ठेवून त्यानं गढी हॉटेलवाल्यांना विकली, तरी दर रविवारी तो एर्सिलियाच्या घरी जेवायला यायचा. नव्वदीतली नुन्झियाता त्याच्या ताटात डोकावायची.

"खा रे नीट. लोक म्हणतील, मीच उपाशी ठेवला."

ती गेली, तेव्हा म्हातारा लोदोविको पोरासारखा रडला. मग म्हणाला, "आई आमच्या चॅपलमध्ये जाईल. तिथं एकच जागा उरलीय, माझी. ती तिला."

त्याची धाकटी बहीण देल्फिना ताडकन म्हणाली, "दाई? कार्डिनलांच्या शेजारी?"

"त्यांनाही हिच्याच कुठल्यातरी पणजीनं पाजलंय."

एर्सिलियाला ठाऊक होतं, असा मान गावात कुणाला मिळाला नव्हता. पण आईला संगमरवराचा गारठा कधी सोसला नाही. चर्चमध्येसुद्धा ती ऊन शोधून उभी राहायची.

"नको रे," एर्सिलिया म्हणाली. "तिला बाबांजवळ मातीत राहू दे. तिथं ऊन येतं."

लोदोविको हातातली टोपी फिरवत राहिला. "मग तिथं माझ्यापुरती जागा होईल?"

एर्सिलियाला रडतारडता हसू फुटलं. "होईल की. पण बाबा फार घोरायचे हं, आधीच सांगते."

काही वर्षांनी तो गेला. थडग्याचा दगड कोरणाऱ्यानं पदव्या विचारल्या, तेव्हा एर्सिलिया म्हणाली, "नाव पुरे. खाली लिही, नुन्झियाताचा मुलगा."

देल्फिनानं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती एकटीच शेवंतीची फुलं घेऊन आली. भावाच्या दगडापाशी बराच वेळ उभी राहिली, मग शेजारी आईची कबर झाडणाऱ्या एर्सिलियाकडे वळली.

"एर्सिलिया, मला कुणी पाजलं होतं?"

"तुम्हाला? माझ्या मावशीनं. ती तिकडे आहे, भिंतीपाशी."

देल्फिनानं गुच्छातली निम्मी फुलं बाजूला काढली. जमीन उंचसखल होती, म्हणून एर्सिलियानं तिचा हात धरला.

"सावकाश या, बाईसाहेब."

"देल्फिना म्हण," ती पुटपुटली.